आल्याची तारीख

शनिवारी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला तो संयोगिताच्या मोबाईलवर. पासपोर्टच्या चौकशीच्या वेळी तिनं घरातल्या कुणाचा नंबर न देता स्वतःचाच दिला होता, म्हणून. त्या वेळी ती डाळिंबाच्या बागेत क्रेटमध्ये कागद अंथरत बसली होती. पलीकडच्या माणसाचा आवाज अजिबात चढा नव्हता. मालती जयराज देवकर तुमच्या कोण, असं त्यानं विचारलं. आई, म्हटल्यावर म्हणाला, सोमवारी अकरा वाजता त्यांना घेऊन या, जन्माचे जे काय कागद असतील ते आणा, त्यांच्याविषयी एक अर्ज आलाय. कसला अर्ज, म्हणून तिनं विचारलं. तो जरासा घुटमळला.

‘त्या बाहेरच्या देशातनं आल्यात, असा,’ तो म्हणाला. ‘नाव नाही अर्जावर. पण आला म्हटल्यावर बघावं लागतं, ताई.’

तो दमदाटी करून बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याच्या त्या ‘ताई’नंच ती जास्त घाबरली. बागेच्या दुसऱ्या टोकाला आई फळं निवडत होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, ओठांत कात्री धरलेली. चार बायकांत ती कुठली, हे लांबून ओळखूही येत नव्हतं.  हे आपण केलंय, एवढं तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

त्यांच्या बोरखडी गावात घरांना आडनावानं कुणी ओळखत नाही. मदुराईवाले, कटकवाले, लुधियानावाले. सोनं गाळायला ज्याचा आजा ज्या गावी गेला, ते त्याच्या घराचं नाव. आटपाडीच्या त्या कोरड्या पट्ट्यातून सोळाव्या वर्षी आकाराम देवकर बंगालच्या पार वरच्या टोकाला, दिनहाट्याला गेले. दुसऱ्याच्या भट्टीवर भाता मारता मारता त्यांनी स्वतःची पेढी घातली, म्हणून देवकर झाले दिनहाटावाले. गावाच्या तोंडात त्याचं पुढं ‘दिनाटे’ झालं. त्या पेढीवर कोळसा घालायला येणाऱ्या नरेन बर्मन नावाच्या माणसाची लेक त्यांच्या धाकट्या मुलानं, जयराजनं, सगळ्यांचा विरोध पत्करून बायको करून आणली, त्यालाही आता चोवीस वर्षं होऊन गेली होती. मालती भाकरी थापायला शिकली, बैलाला नावानं हाक मारायला शिकली, मराठी तर अशी बोलायला लागली की नवख्याला संशय येऊ नये. फक्त साखरेला ती अजून शाखर म्हणायची, आणि तेवढ्यावरून तिला बंगालीण म्हणणारी गावात दोन-चार म्हातारी उरली होती. पेढी दिनहाट्याहून मदुराईला गेली, बंगला बांधून झाला, बाग उभी राहिली. ‘बंगालीण’ हा शब्द कधीकाळी टोचायचा, तोही बोथट झाला.

संयोगितानं कराडला इंजिनीअरिंग केलं आणि तिच्या डोक्यात कॅनडा शिरला. कराडात हायवेच्या बाजूला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर निळ्या अक्षरांत ‘इमिग्रेशन’ एवढाच मोठा शब्द लिहिलेलं ऑफिस होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर बर्फाचे डोंगर. तिथं बसलेल्या प्रत्येक पोराच्या आईबापाच्या तोंडावर तो शब्द लग्नपत्रिकेतल्या शब्दासारखा दिसायचा. महिन्याभरापूर्वी तिथला फॉर्म भरताना एका पानावर आईचं जन्मगाव आणि जन्मदेश विचारला होता. आजवर घरातल्या सगळ्या कागदांवर दिनहाटा होतं. पण नीट भरायचा म्हणून तिनं रात्री स्वयंपाकघरात आईला सहज विचारलं.

मालतीचे पिठातले हात थांबले होते. ‘दिनहाटा न्हवं,’ ती म्हणाली. ‘काशियाडांगा.’ आणि मग हळूच, ‘ते तवा आपल्यात न्हवतं.’

त्या ‘आपल्यात’चा अर्थ संयोगिताला कळला नाही. कळला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातल्या माणसाला विचारलं, जोरात, चार लोकांसमोर, की अशा गावाचा देश कुठला लिहायचा. तो माणूस बोरखडीच्या पलीकडच्या वाडीतला होता. पंधरा दिवसांत गिरणीवर बायका मालतीला बघून गप्प व्हायला लागल्या. गावच्या ग्रुपवर कुणीतरी कुठल्याशा शहरातला व्हिडिओ टाकला. पोलीस एका वस्तीतल्या बायकांना गाडीत चढवतायत, खाली लिहिलेलं, इल्लीगल इमिग्रंट. काचेच्या दारावरचाच शब्द, जाणाऱ्याच्या अंगावर शालीसारखा पडलेला आणि येणाऱ्याच्या मागं कुत्र्यासारखा लागलेला. संयोगितानं तो व्हिडिओ तीनदा बघितला होता. त्यातल्या एका बाईच्या पायात चप्पल नव्हती.

*

रविवारी सकाळी तात्या सांगलीहून आले. म्हणजे जयराजचे थोरले भाऊ, नाथाजी. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून परतलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी बाहेरचं गेट लावलं, मग दार लावलं, मग खिडक्यांचे पडदे ओढले. भर दिवसा असा अंधार केलेला बघून शालूबाईंनी, म्हणजे आजीनं, कोण मेलंय का म्हणून विचारलं.  रस्त्यावरून एक जीप गेली तर आतली सगळी माणसं ती लांब जाईपर्यंत श्वास धरून बसली.

तात्यांचा बेत ठरलेला होता. मालतीला आजच्या आज मदुराईला धाडायचं. तिथं पेढीवर आपलाच माणूस आहे, मराठी माणसांची चाळ आहे, कोण विचारतंय. उद्या ठाण्यात सांगायचं की बाई गावाला गेल्यात. चार-सहा महिन्यांत अर्ज फायलीखाली जातो. असं ते हळू आवाजात, नकाशावर काठी ठेवून सांगावं तसं सांगत होते. आकाराम आबा मान हलवत होते. जयराजला ते पसंत नव्हतं.

‘पळायचं कशापायी?’ तो म्हणाला. ‘तिचा शाळंचा दाखला हाय. चौथीपतुरचा. त्यावर जन्म दिनहाटा, बाप हरिपद सरकार. खरा दाखला हाय, मी केल्याला न्हाई.’

‘हरिपद कोण?’ संयोगितानं विचारलं. आपल्या आजोबांचं आडनाव बर्मन, एवढं तिला माहीत होतं.

पप्पांनी तिच्याकडं बघायचं टाळलं. मग तो सगळा प्रकार त्यांनी सांगितला, तुटक तुटक, आणि ऐकताना संयोगिताला वाटत गेलं की हा माणूस चोवीस वर्षं हे सांगायचं राहून गेल्यासारखा नाही, तर सांगावं लागेल या भीतीनं जगलेला आहे. काशियाडांगा म्हणजे दीड-दोनशे घरांचं गाव. चारी बाजूंनी भारत, मधे तेवढाच तुकडा बांगलादेशाचा. तसे कितीतरी तुकडे होते तिकडं, छिटमहल म्हणायचे त्यांना. कुठल्या जुन्या राजांच्या वाटण्यांतून राहिलेले. त्या तुकड्यात वीज नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, चोरी झाली तर पोलीस नाही, कारण ज्यांचं गाव त्यांना तिथं येता येत नव्हतं आणि ज्यांना येता येत होतं त्यांचं ते गाव नव्हतं. तिथल्या पोराला बाहेरच्या शाळेत घालायचं तर बाहेरचा बाप दाखवावा लागे. मालतीच्या बापानं दिनहाट्याच्या बाजारातल्या एका चहावाल्याचे पाय धरले. त्यानं आपलं नाव दिलं. म्हणून मालती शाळेत हरिपद सरकारची लेक झाली आणि घरी बापाचीच राहिली.

‘मग दोन हजार पंधरात ते तुकडे भारतात आले,’ जयराज म्हणाला. ‘तिथं ऱ्हाणाऱ्या समद्यांना कागद मिळालं. हिच्या भावाला मिळालं, आईला मिळालं.’

‘आणि आईला?’

‘मोजणी झाली तवा ती हितं हुती.’

मालती हे सगळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. लसूण सोलत होती. तिच्याविषयी बोलणं चाललंय, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. फक्त लसणाचा ढीग वाढत वाढत अख्ख्या गावाला पुरेल एवढा झाला होता.

धाकटा ऋषिराज कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. एकोणीस वर्षांचा, पहाटे चारला उठून पळणारा, पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेला. भरतीचं मैदान त्यानं मारलं होतं, लेखी निघाली होती, आता वैद्यकीय आणि कागदांची तपासणी बाकी होती. तात्यांच्यानंतर घरातून फौजेत जाणारा तोच. 

*

मुबश्शिरा दुपारी एकच्या एसटीनं आली. संयोगितापेक्षा ती पाच वर्षांनी मोठी. शिकत असताना कराडशेजारच्या मलकापूरला दोघी एकाच खोलीत राहिल्या होत्या, आणि आता ती कराडच्या कोर्टात एका जुन्या वकिलांच्या हाताखाली काम करत होती. संयोगितानं आदल्या संध्याकाळी फोनवर रडत रडत सांगितलं, तेव्हा तिनं पूर्ण ऐकूनही घेतलं नव्हतं. कागद कुणी फाडू नका, एवढं सांगून तिनं फोन ठेवला होता. आमच्या घरात कागदांची पेटी दाराजवळच असते, असं ती खोलीवर असताना एकदा हसत म्हणाली होती. तेव्हा संयोगिताही हसली होती.

तात्यांना वकीलबाई इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी तिला चहा दिला आणि आपला बेत सांगितला. जयराजनं दाखला दाखवला. मुबश्शिरानं दोघांचं ऐकून घेतलं, मग उठून उंबऱ्यापाशी जाऊन मालतीसमोर खाली बसली आणि विचारलं, ‘मावशी, तुमचं काय म्हणणं आहे?’

मालती गोंधळली. ‘माजं?’ म्हणाली, आणि जयराजकडं बघितलं.

‘बरं, नंतर सांगा,’ मुबश्शिरा म्हणाली. मग तिनं एकेक गोष्ट मांडली. मदुराईला गेलात, तर उद्यापासून तुम्ही फरार. मग अर्ज खरा होता असं आपोआप ठरतं. हरिपद सरकारचं नाव सांगितलंत, तर इथून पत्र दिनहाट्याला जाणार, तिथला पोलीस हरिपदच्या घरी जाणार, आणि त्याची मुलं म्हणणार, आम्हाला बहीणच नाही. मग खोटा कागद वापरला म्हणून वेगळा गुन्हा. खरं सांगितलंत, तर लढायला जागा आहे. भाऊ आणि आई नागरिक आहेत, गाव आज भारतात आहे. फक्त त्यांच्याच घरची मुलगी आहात हे शाबीत करावं लागेल, आणि कागदावर तुम्ही नेमक्या दुसऱ्या बापाच्या आहात.

‘आणि न्हाई शाबीत झालं तर?’ आबांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच बोलले होते.

मुबश्शिरानं चष्मा काढला. ‘कायद्यात एक शब्द आहे, आजोबा. अवैध स्थलांतरित. बिगरकागदांचा बाहेरून आत आलेला माणूस. तो शब्द मावशींना लागला, तर त्यांना इथं राहता येणार नाही.’ ती थांबली. संयोगिताला तिच्या थांबण्याची भीती वाटली, कारण ती उगाच थांबणारी नव्हती. ‘आणि तो एकट्या मावशींना लागत नाही. संयोगिता दोन हजार तीनची. तेव्हाच्या नियमानं बाप भारतीय म्हणजे पोर भारतीय. दोन हजार चारच्या डिसेंबरात नियम बदलला. त्यानंतर जन्मलेल्या पोराचा बाप भारतीय असला तरी आई अवैध स्थलांतरित नसावी लागते.’

ऋषिराजचा जन्म दोन हजार सहाचा. ते सांगायची कुणाला गरज पडली नाही. खोलीतली सगळी डोकी त्याच्याकडं वळली, आणि तो त्या बघण्यानं भिंतीत आणखी आत गेल्यासारखा झाला.

तिथून सगळं फिरलं. आतापर्यंत मालतीला मदुराईला धाडा म्हणणारे तात्या उठून जयराजच्या बाजूला जाऊन बसले. हरिपदच बरा, म्हणायला लागले. दिनहाट्याला जुनी ओळख आहे, हरिपदच्या मुलांना भेटून येऊ, एवढ्या एका नावाला त्यांनी हो म्हटलं की पोराचं आयुष्य मार्गी लागतंय. आबाही तेच म्हणाले. सकाळी सुनेला वाचवायला जमलेलं घर दुपारी नातवाला वाचवायला बसलं होतं. त्यात कुणी वाईट नव्हतं, आणि म्हणूनच संयोगिताला जास्त धडकी भरली.

तात्यांनी वातावरण हलकं करायला म्हणून म्हटलं की तसं बघितलं तर गावातली एकूणएक बाई बाहेरूनच आलेली, आई नरसेवाडीची, आमची बायको कडेगावची. पण नरसेवाडीहून आलेल्या बाईला कुणी तारीख विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा आजी बोलली. शालूबाईंनी या सुनेला पहिली सहा वर्षं चुलीला हात लावू दिला नव्हता. त्यांच्याकडून मायेचं काही येईल अशी मालतीलाही आशा नसावी. त्यांच्या आवाजात माया नव्हतीच, रोकडा हिशोब होता.

‘उद्या त्या ठाण्यात तुमी समदी भायेर बसनार,’ त्या म्हणाल्या. ‘आत ही एकटी. जे इचारायचं ते हिला इचारनार, आन् जे भोगायचं ते हीच भोगनार. तवा हिनं काय बोलायचं ते तुमी कशापायी ठरिवताय?’

आबा काहीतरी म्हणायला गेले. ‘आवं, तुमी गप ऱ्हावा,’ म्हणून आजीनं त्यांना बसवलं.

मालतीनं हातातला लसूण खाली ठेवला. मग लेकीला विचारलं, ‘संयू, ते मोबाईलवर लिवत्यात ते, इमिग्रंट. म्हंजी काय गं?’

कराडच्या ऑफिसात संयोगितानं हा शब्द दिवसातून वीसदा वापरला होता. आता तो आईला समजावून सांगायचा होता. ‘एका देशातनं दुसऱ्या देशात ऱ्हायला आलेलं माणूस,’ ती म्हणाली.

 ‘मी कुटनं कुटं आले मग?’ मालतीनं विचारलं. ‘बापानं कोळशाचं पोतं डोस्क्यावर घेतलं, मला हाताला धरलं, आन् बांधावरनं चालत बाजारात आनलं. रोजच जायाचो. एक बांध हुता. पलीकडं हरभरा, अलीकडं हरभरा. त्यातली शीव मला कुनी कवा दाखिवली न्हाई. आन् आता तर ती शीवच न्हाई ऱ्हायली म्हनत्यात. मग मी आले कवा?’

 काय सांगायचं ते मी सकाळी सांगते, असं म्हणून मालती उठली आणि सगळ्यांच्या जेवणाला लागली.

*

दिवस मावळायच्या सुमाराला संयोगिता गोठ्याकडं गेली. तिला आईची माफी मागायची होती. कॅनडाचा अर्ज मागं घेते, असं ती म्हणाली. मी त्या माणसाला विचारलंच नसतं तर, असंही म्हणाली.

मालतीनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. ‘तू मला इचारलंस म्हनून मी सांगितलं,’ ती म्हणाली. ‘चोवीस वर्सांत कुनी इचारलंच न्हवतं गं, की तुजं गाव कंचं.’

तेवढ्यात ऋषिराज आला. बहीण तिथं आहे हे त्यानं बघितलं, तरी थांबला नाही.  तो आईच्या अगदी जवळ गेला, पण तिला हात लावला नाही.

‘आई, हरिपद म्हण,’ तो म्हणाला. ‘एवढंच. एक शब्द. माझी सगळी वर्षं त्यात हायत.’

मालतीनं त्याच्याकडं बघितलं.  म्हशीनं पान्हा सोडला होता, ती धार काढायला बसली. ऋषिराज थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. संयोगिताच्या मनात त्या वेळी आलेला विचार तिनं पुढं कधी कुणाला सांगितला नाही. आईनं हरिपदच म्हणावं, असं तिलाही क्षणभर वाटलं होतं. आपण सुरक्षित आहोत आणि भाऊ नाही, ही गोष्ट तिला अंगावर घेतलेल्या उसन्या कपड्यासारखी चावत होती.

*

सोमवारी ठाण्यात अकराची वेळ होती, पण साहेब आले साडेबाराला. दीड तास बाकावर बसून काढायचा म्हणजे काय, हे त्या दिवशी त्यांना कळलं. प्रत्येक बुटाच्या आवाजाला जयराज उभा राहत होता. तात्यांनी फौजेतलं ओळखपत्र खिशातून चार वेळा काढलं आणि चार वेळा आत ठेवलं. ऋषिराज आत आलाच नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली मोटरसायकलवर बसून राहिला. मालतीनं लग्नाकार्याला नेसायची मोरपंखी साडी नेसली होती, आणि ती साडी त्या बाकावर फार उठून दिसत होती.

आत तिच्याबरोबर फक्त मुबश्शिराला सोडलं. मग साहेब संयोगिताकडं बघून म्हणाले, तुम्ही पण या, त्या घाबरल्यात. तरुण अधिकारी होता, डोळ्यांखाली झोप नसलेला. समोर हवालदार कॉम्प्युटरवर बसलेला. तो स्क्रीनवरचे रकाने वाचायचा आणि मालती उत्तर द्यायची. नाव. वय. नवऱ्याचं नाव. मुलं किती. तोवर तिचा आवाज नीट होता.

‘वडलांचं नाव?’

खोलीतला पंखा फिरत होता. संयोगिताला खिडकीतून ऋषिराजची पाठ दिसत होती. मालतीनंही तिकडं बघितलं.  मुबश्शिरा टेबलाकडं बघत राहिली. तिनं कसलीही खूण केली नाही.

‘नरेन,’ मालती म्हणाली. ‘नरेन बर्मन.’

हवालदारानं दाखल्याकडं बघितलं. ‘इथं हरिपद सरकार आहे.’

‘ते शाळंपायी घेतल्यालं नाव हाय, साहेब. चांगला मानूस हुता. पर बाप न्हवं.’

मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना तिची मराठी तिच्या हातून सुटत गेली. मधले शब्द बंगाली आले, साखरेसारखेच आणखी कितीतरी शब्द उच्चार बदलून आले. संयोगितानं जन्मात पहिल्यांदा आपल्या आईला तिच्या मूळच्या सुरात बोलताना ऐकलं. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. छिटमहल हा शब्द त्यांनी लिहून घेतला आणि त्याखाली रेघ मारली.

‘पुढचा रकाना,’ हवालदार म्हणाला. ‘भारतात आल्याची तारीख आणि ठिकाण.’

‘आले न्हाई,’ मालती म्हणाली.

‘तसं चालत नाही बाई. तारीख टाकल्याशिवाय हे पुढं जात नाही.’ त्यानं खरंच बटण दाबून दाखवलं. रकान्याभोवती लाल चौकट आली.

‘लग्नाची टाका,’ तो समजुतीनं म्हणाला.

मुबश्शिरा ताठ झाली. लग्नाची तारीख टाकली की मालती त्या दिवशी बाहेरून आत आलेली ठरणार, आणि ऋषिराजचं जे व्हायचं ते त्या एका तारखेवर होणार. ती बोलायला तोंड उघडणार तोच मालतीनं टेबलावर हात ठेवला.

‘साहेब, लग्नाच्या दिवशी मी नवऱ्याच्या घरात आले. ती तारीख मी सांगते, घरातल्या समद्यांना पाठ हाय. पर देशात आल्याची माज्याकडं न्हाई. मी जल्मले तवापासनं तितंच हुते. देस माज्या मागनं आला. तो कवा आला ते सरकारला ठावं. त्येंनाच इचारा.’

 साहेबांनी खुर्ची मागं सरकवली, लाल चौकटीकडं बघितलं आणि हवालदाराला मशीन बंद करायला सांगितलं. कोरे कागद मागवले. जबाब हातानं लिहून घेतला, तिच्याच शब्दांत, आणि त्या ठिकाणी लिहिलं, ‘येण्याची तारीख नाही; जन्मापासून सदर गावी वास्तव्य.’ पानाच्या तळाशी तिनं मराठीत सही केली.

त्यानं काही मिटलं नव्हतं, आणि मिटलंय असं साहेबांनी भासवलंही नाही. पत्र तिकडं जाईल, म्हणाले. भावाचे, आईचे कागद येऊ देत. वर जिल्ह्याला फाइल जाईल, तिथं काय ठरेल ते मला सांगता येत नाही. तोवर दर पंधरा दिवसांनी हजेरी, आणि तालुका सोडायचा नाही. दारापर्यंत आल्यावर ते मुबश्शिराला हळूच म्हणाले की वकीलसाहेब, लवकर कागद आणा, दिवस बरे नाहीत. संयोगिताला ते वाक्य ऐकू यायला नको होतं.

बाहेर जयराजनं बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं.  तात्यांनी रागानं काहीतरी बोलायला सुरुवात केली, मग त्यांचंच त्यांना ते पुरं करता आलं नाही. मालती त्यांच्यावरून पुढं लिंबाच्या झाडाकडं चालत गेली. संयोगिता तिच्या मागोमाग.

ऋषिराज गाडीवरून उतरला नाही. ‘काय नाव सांगितलंस?’ त्यानं विचारलं.

‘माज्या बापाचं.’

 त्यानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. ट्रक गेला, मागून उसाची ट्रॉली गेली. आता हा गाडी चालू करून एकटाच निघून जाणार, असं संयोगिताला वाटलं. पण त्यानं विचारलं, ‘काय हुतं त्यांचं नाव?’

एकोणीस वर्षांत ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

‘नरेन,’ मालती म्हणाली.

त्यानं ते नुसतं ओठांत हलवून बघितलं. मग डोळे पुसले, किक मारली आणि मागं न बघता म्हणाला, ‘बस.’

मालती पदर सावरून त्याच्या मागं बसली. गाडी फाटकातून बाहेर पडताना संयोगिताला तेवढंच दिसलं. आईनं एका हातानं त्याचा शर्ट मागून मुठीत धरला होता, इतका घट्ट की कॉलर त्याच्या गळ्याला रुतत होती, आणि तो ती सोडवून घेत नव्हता.